नाव कुणी बदललं? : मुलांना इंग्रजी व्याकरण शिकवताना

(कळंबोलीत रविवारचे अभ्यासवर्ग चालवणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



 मी इंग्रजीची प्राध्यापक नाही. दिवसभर मी इथल्या स्टील मार्केटमध्ये एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात डिस्पॅचचं काम पाहते आणि रविवारी नववी-दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. मुलं मला आपा म्हणतात. तुमच्यापैकी बरेच जण हेच काम करतात किंवा करू इच्छितात. म्हणून उपदेश न करता मी माझ्या एका चुकीपासून सुरुवात करते.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. दहावीला तिला इंग्रजीत चांगले मार्क मिळाले. व्याकरणाच्या प्रश्नात तर एकही मार्क गेला नव्हता. पुढे तिनं एका शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला. वडिलांचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेनं होतं. एकावर 'मोहम्मद'च्या शेवटी ई-डी, दुसऱ्यावर ए-डी आणि तिसऱ्यावर नुसतं एम-ओ-एच-डी. आपल्यापैकी कुणाच्या घरी हा प्रकार नाही? हात वर करा. बघा, एकही हात वर नाही.

त्या ऑफिसातून तिला इंग्रजीत मेल आला : वडिलांच्या नावातल्या फरकाचा खुलासा करा. पोरीनं कुणाला न विचारता, मोठ्या हिमतीनं स्वतः उत्तर लिहिलं : 'माय फादर चेंज्ड हिज नेम.' वाक्यात व्याकरणाची एकही चूक नाही. कर्ता आहे, क्रियापद आहे, काळ बरोबर आहे. पण अर्थ काय झाला? वडिलांनी नाव बदललं. लगेच परत मेल आला : नावबदलाचं राजपत्र जोडा.

राजपत्र कुठून आणणार? नाव कुणी बदललंच नव्हतं. कुठल्या तरी खिडकीवर कुणी तरी आपल्या मनानं स्पेलिंग टाकलं होतं. वडील टेम्पो चालवतात. त्यांनी तीन दिवस धंदा बंद ठेवून पनवेलला फेऱ्या मारल्या. शेवटी प्रतिज्ञापत्र झालं, नीट पत्र लिहून झालं, तोवर मुदत संपली होती. त्या वर्षीची शिष्यवृत्ती गेली.

तिला लिहायला हवं होतं ते इतकंच : 'माय फादर्स नेम हॅज बीन स्पेल्ट डिफरंटली इन थ्री डॉक्युमेंट्स. ऑल थ्री रेफर टू द सेम पर्सन.' म्हणजे नाव वेगवेगळं लिहिलं गेलं आहे. कुणी लिहिलं ते आम्हाला माहीत नाही, पण आम्ही बदललेलं नाही. माणूस एकच आहे.

हा पॅसिव्ह व्हॉइस. तो तिला शिकवला कुणी? मीच. तिची जुनी वही मी मागून घेतली. माझ्या अक्षरातल्या लाल खुणा होत्या. 'राम ईट्स अ मँगो'चं 'अ मँगो इज ईटन बाय राम', 'ही किल्ड अ स्नेक'चं 'अ स्नेक वॉज किल्ड बाय हिम'. अशी चाळीसेक वाक्यं आणि सगळी बरोबर. त्या चाळीस वाक्यांत मी तिला एकदाही सांगितलं नव्हतं की माणूस असं कधी बोलतो आणि का बोलतो. आंबा रामाकडून खाल्ला गेला, असं जगात कोण म्हणतं?

त्या दिवसापासून मी शिकवण्याची पद्धत बदलली. काय बदललं तेच आज सांगायचं आहे. व्याकरण म्हणजे कुणी केलं, कधी केलं, झालं की व्हायचं आहे, हे दुसऱ्याला गैरसमज न होता कळवण्याची सोय. म्हणून ते अशा ठिकाणी शिकवा, जिथं मुलाला खरंच काही कळवायचं आहे.

आधी एक लक्षात घ्या. ही मुलं व्याकरणात कोरी नसतात. घरात दखनी, कोकणी, उर्दू किंवा मराठी, शाळेत आणखी एक भाषा, रस्त्यावर हिंदी. दोन-तीन भाषांचं व्याकरण ती रोज वापरतात, फक्त त्याला व्याकरण म्हणत नाहीत. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंही मुलांच्या अनेक भाषा ही अडचण न मानता शिकवण्याचं साधन मानलं आहे. आपल्या वर्गांत तर हे साधन भरपूर आहे. ते कसं वापरायचं, त्याची तीन उदाहरणं देते.

पहिलं, पॅसिव्ह. घरात मुलाच्या हातून कप पडला तर तो काय सांगतो? 'अम्मी, कप फुटला.' 'मी कप फोडला' असं तो कधीच सांगत नाही. उर्दूतही तेच, 'टूट गया', 'मैंने तोडा' नाही. फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, सुटणे-सोडणे. करणाऱ्याला वाक्याबाहेर ठेवण्याची कला आपल्या पोरांना पाचव्या वर्षी येते. पॅसिव्हचा तास मी आता तिथूनच सुरू करते. विचारते, 'नाव चुकलं' आणि 'अब्बांनी नाव बदललं' यांत फरक काय? वर्गातलं सगळ्यात गप्प पोरगंसुद्धा सांगतं की दुसऱ्यात अब्बांवर आळ येतो. मग मी म्हणते, आता हाच फरक इंग्रजीत दाखवू.

इथं एक खाचखळगा आहे, तो सांभाळा. मराठी व्याकरणाच्या तासाला 'रामाने आंबा खाल्ला' हा कर्मणी प्रयोग असतो, कारण क्रियापद आंब्याप्रमाणे बदलतं. मुलं 'कर्मणी म्हणजे पॅसिव्ह' असं पाठ करतात आणि गोंधळतात. 'रामाने आंबा खाल्ला'चं इंग्रजी सरळ 'राम एट अ मँगो' आहे, ॲक्टिव्ह. इंग्रजीच्या पॅसिव्हच्या जवळचं आपलं रूप म्हणजे 'लिहिलं गेलं', 'दिलं गेलं'. हे एकदा स्पष्ट केलं की निम्मा गोंधळ मिटतो.

दुसरं उदाहरण, काळ. मुलं हमखास लिहितात, 'आय हॅव कम यस्टरडे.' आपण लाल रेघ मारतो आणि पुढे जातो. पण ते असं का लिहितात? कारण मराठीत 'मी कालच आलो आहे' बरोबर आहे आणि उर्दूत 'मैं कल ही आया हूँ' हेही बरोबर आहे. इंग्रजीत मात्र काल, परवा, गेल्या वर्षी अशी संपलेली वेळ सांगितली की 'हॅव' चालत नाही, 'आय केम यस्टरडे' म्हणावं लागतं. मुलाला सांगा, तुझी चूक मूर्खपणाची नाही, तू तुझ्या भाषेचा नियम इंग्रजीला लावलास. मूल लाजत नाही, ऐकायला लागतं.

उर्दूतला 'कल' तर शिकवायला फारच उपयोगी. मागचा दिवसही कल आणि पुढचाही कल. 'कल आया था' आणि 'कल आऊंगा' यांतला फरक कशानं कळतो? क्रियापदानं. म्हणजे क्रियापदाकडे पाहून वेळ ओळखायची सवय या मुलांना आहेच.

आता माझ्या ऑफिसातली गोष्ट. ड्रायव्हरला फोन केला की तो म्हणतो, 'निघालो, निघालो.' प्रत्यक्षात तो चहा पीत असतो. आपण सगळेच असं बोलतो. 'आलोच' म्हणतो आणि पायात चप्पलसुद्धा नसते. रूप भूतकाळाचं, अर्थ लवकरच होईल असा. आपल्याला ते कळतं. पण नव्यानं लागलेल्या मुलानं हेच इंग्रजीत गिऱ्हाइकाला लिहिलं, 'द ट्रक लेफ्ट', की तिकडचा माणूस माल उतरवायला क्रेन बोलावतो. गाडी इथंच वजनकाट्यावर उभी. क्रेनचं भाडं, मजुरांची हजेरी आणि वरून शिव्या. म्हणून माझ्या वर्गात काळ शिकवण्याचा धडा असा आहे. एका गाडीचा पूर्ण दिवस फळ्यावर लिहायचा : सकाळी नऊला माल भरणं सुरू, साडेदहाला काटा, अकराला बिल, सव्वाअकराला गाडी बाहेर. मग विचारायचं, आता दहा वाजले आहेत, गिऱ्हाइकाला काय लिहाल? 'वी आर लोडिंग द ट्रक.' साडेअकरा वाजले? 'द ट्रक हॅज लेफ्ट.' त्यानं विचारलं, किती वाजता? 'इट लेफ्ट ॲट इलेव्हन फिफ्टीन.' मुलांना इथं आपोआप दिसतं की घटना तीच आहे. नुसती बातमी द्यायची तेव्हा 'हॅज लेफ्ट', वेळ सांगितली की 'लेफ्ट'. पाठ करण्याचं काम त्यानंतर पाच मिनिटांचं उरतं.

तिसरं, 'अ' आणि 'द'. मराठीत ही शेपटं नाहीत, म्हणून मुलं ती हवी तिथं चिकटवतात. मी हरवलेल्या बॅगेची तक्रार लिहायला देते. पहिल्या वाक्यात समोरच्याला तुमची बॅग माहीत नाही, म्हणून 'आय लॉस्ट अ बॅग'. दुसऱ्या वाक्यात त्याला माहीत झाली, म्हणून 'द बॅग इज ब्लॅक'. आपण मराठीत म्हणतो तसंच : 'माझी एक बॅग हरवली. ती बॅग काळी आहे.' 'अ'च्या जागी 'एक' आणि 'द'च्या जागी 'ती' दर वेळी बसत नाही, पण सुरुवातीला ही काठी पुरते.

तुम्ही म्हणाल, आपा, हे तुमच्या मनाचं आहे. नाही. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातल्या काही शाळांमध्ये असाच प्रयोग केला. तो 'बंगलोर प्रकल्प' म्हणून ओळखला जातो. मुलं साध्या शाळांतली, घरी इंग्रजी नसलेली. व्याकरणाचे धडे ओळीनं शिकवण्याऐवजी त्यांना सोडवायला कामं दिली : रेल्वेचं वेळापत्रक वाचा, नकाशावरून रस्ता शोधा, अंतर आणि वेळ काढा. शिक्षक आधी तसंच एक काम सगळ्या वर्गाबरोबर सोडवत, मग मुलं दुसरं काम एकेकटी सोडवत. लक्ष अर्थावर असलं की भाषेची रूपं डोक्यात बसतात, असं प्रभूंचं म्हणणं. १९८७ साली त्यांनी त्यावर 'सेकंड लँग्वेज पेडॅगॉजी' हे पुस्तक लिहिलं.

त्या मुलांची तुलना जुन्या पद्धतीनं शिकलेल्या मुलांशीही केली गेली. ज्या प्रकारच्या चाचणीची ज्या मुलांना सवय होती, तिच्यात साधारण ती मुलं पुढे. पण कुणाच्याच बाजूला न झुकणाऱ्या चाचण्यांत, म्हणजे संदर्भातलं व्याकरण, श्रुतलेखन, ऐकून आणि वाचून समजणं यांत, एकंदर कल कामं सोडवत शिकलेल्या मुलांच्या बाजूनं दिसला. यातून मी दोन गोष्टी घेतल्या. एक, कामातून व्याकरण येतं. दुसरी, बोर्डाच्या प्रश्नाची सवय वेगळी करावीच लागते, ती आपोआप होत नाही. म्हणून मी प्रभूंपेक्षा थोडी जुन्या वळणाची आहे. शेवटी नियम फळ्यावर लिहितेच.

आता कामाचं बोलू. दीड तासाचा वर्ग कसा घ्यायचा?

आधी एक कागद निवडा. आपल्या कळंबोलीत कागदांना तोटा नाही. वजनकाट्याची पावती, ट्रान्सपोर्टची बिल्टी, पनवेलच्या लोकलचं वेळापत्रक, औषधाच्या डबीवरची सूचना. एक्सप्रेसवे आपल्या दारातून सुरू होतो आणि त्यावर दुचाकी-तीनचाकीला बंदी आहे, तेवढी सूचनासुद्धा पुरते : 'टू-व्हीलर्स आर नॉट अलाउड.' कुणी बंदी घातली हे का लिहिलं नाही, यावर दहा मिनिटं बोलणं होतं. एक पथ्य मात्र पाळा. मुलांचे खरे आधार किंवा बँकेचे कागद वर्गात फिरवू नका. तशाच नमुन्याचा खोट्या नावाचा कागद तयार करा.

मग त्या कागदावर एक काम द्या. उदाहरणार्थ, ही लोकल चुकली तर परीक्षेला वेळेत कसं पोहोचाल? ते आधी कुठल्याही भाषेत सोडवू द्या. मराठी, उर्दू, हिंदी, काहीही. विचार पक्का झाला की वाक्य इंग्रजीत मागा : 'इफ वी मिस धिस ट्रेन, वी विल टेक द नेक्स्ट वन.'

तिसरी पायरी सगळ्यात महत्त्वाची. मुलांनी सांगितलेली दोन वाक्यं फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. 'चूक कुठली?' असं विचारू नका. विचारा, 'वाचणाऱ्याला यातून काय कळेल?' 'माय फादर चेंज्ड हिज नेम' यातून काय कळेल? 'माय फादर्स नेम वॉज मिसस्पेल्ट' यातून काय कळेल? फरक मुलांच्या तोंडून येऊ द्या. मग नियम लिहा, दोन ओळींत.

शेवटी तोच साचा पाच नव्या प्रसंगांत वापरून घ्या : जन्मतारीख चुकीची पडली आहे, फी दोनदा कापली गेली आहे, फोटो चिकटवलेला नाही, हॉल तिकीट मिळालेलं नाही, पत्ता अर्धाच छापला आहे. पुढच्या रविवारी सुरुवातीला पुन्हा दोन. विसरतील, पुन्हा घ्या. संदर्भ असला म्हणजे सराव लागत नाही असं नाही. सराव लागतोच, फक्त तो कशाचा आहे हे मुलाला माहीत असतं.

आणि शेवटची पंधरा मिनिटं बोर्डाला द्या. प्रश्नपत्रिकेला आता कृतिपत्रिका म्हणतात. तिच्यात पत्रही लिहायचं असतं आणि वाक्य सूचनेप्रमाणे बदलायचंही असतं. ज्यानं नावाच्या चुकीचं पत्र चार वेळा लिहिलं आहे, त्याला 'व्हॉइस बदला' हा प्रश्न जड जात नाही. उलटं मात्र होत नाही, हे मी त्या मुलीच्या बाबतीत पाहिलं.

एक अडचण तुमच्या मनात असेल : आमचंच इंग्रजी कच्चं आहे, आम्ही काय शिकवणार? माझंही कच्चं होतं. माझं शिक्षण मराठी शाळेतलं, श्रीवर्धनकडच्या एका गावातलं. वर्गात शंका आली की मी सांगते, मला नक्की माहीत नाही, पुढच्या रविवारी बघून येते. आणि खरंच बघून येते. मुलांना याचं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते कुणी हसलं की. म्हणून माझ्या वर्गात एकच कायदा आहे : कुणाच्या वाक्यावर हसायचं नाही. उच्चारावर तर नाहीच. आपल्या पोरींना घरून इथवर यायला किती परवानग्या काढाव्या लागतात ते तुम्हाला ठाऊक आहे. एका हसण्यानं ती यायची बंद झाली तर घरचे पुन्हा पाठवत नाहीत.

इंग्रजी शिकावं की नाही, हा वाद आपल्या आधीच्यांनी लढून संपवला. सावित्रीबाई फुल्यांचा 'काव्यफुले' हा संग्रह १८५४ चा. त्यात इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरणारी कविता आहे. बद्रुद्दीन तय्यबजी विलायतेत बॅरिस्टर होऊन मुंबईला परतले आणि १८७४ साली त्यांनी सोबत्यांसह अंजुमन-ए-इस्लाम उभी केली. मुस्लिम मुलांना नवं शिक्षण मिळावं म्हणून त्यांनी आयुष्य खर्ची घातलं. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून सगळ्या शाळांत इंग्रजी आहे. म्हणजे दहावीला येईपर्यंत मूल दहा वर्षं इंग्रजी शिकलेलं असतं. दहा वर्षांनंतरही त्याला आपल्या बापाच्या नावाचा खुलासा चार ओळींत करता येत नसेल, तर दोष मुलाचा कसा म्हणायचा?

ती मुलगी आता कॉलेजात आहे. पुढच्या वर्षी तिनं पुन्हा अर्ज केला, पत्र स्वतःच लिहिलं आणि पाठवण्याआधी मला दाखवलं. मी फक्त एक स्वल्पविराम टाकला. या वर्षापासून ती रविवारी माझ्याबरोबर नववीचा वर्ग घेते. पॅसिव्हचा धडा तीच शिकवते. 'अब्बांनी नाव बदललं'पासूनच सुरुवात करते आणि ते वाक्य आपण लिहिलं होतं हे मुलांना सांगते.

जाताना एक काम सांगते. आज घरी गेल्यावर आपल्या इमारतीतल्या, गल्लीतल्या दोन दहावीच्या मुलांची नावं लिहून काढा. त्यांच्या घरात असा कुठला कागद अडला आहे, ज्यावर इंग्रजीत दोन ओळी लिहायला कुणी नाही, ते विचारा. पुढच्या रविवारी त्या कागदाचा नमुना घेऊन या. आपला पहिला धडा तोच असेल.